सिलिकॉनवर सोनं, सोन्यावर प्लॅटिनम आणि त्यावर बसलेला सीओ: आयआरमध्ये कसा बघायचा

जुलै लागला की पुण्यात आमच्या आयआरच्या, म्हणजे अवरक्त प्रकाशानं मोजमाप करण्याच्या, खोलीतली ओल शोषणारी सिलिका जेल दोन दिवसांत निळ्याची गुलाबी होते. या दिवसांत कुणी विद्यार्थिनी हसत येऊन म्हणाली, "मॅडम, सीओचा पीक आला, १८५०च्या जवळ," तर मी आधी विचारते, "पर्ज किती वेळ केलंस?" म्हणजे यंत्रातली दमट हवा कोरड्या वायूनं किती वेळ हाकललीस. कारण त्याच भागात पाण्याच्या वाफेच्या बारीक रेघा दाटीवाटीनं उभ्या असतात आणि नवख्या डोळ्याला त्यात हवा तो पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, सापडतोच. धातूच्या पातळ फिल्मवर वायू कसा बसतो हे अवरक्त प्रकाशानं बघण्याचं काम मी चौदा वर्षं करते आहे. हे काम शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: वायू सगळ्यात शेवटी. आधी फिल्म, मग बेसलाइन (वायू नसतानाचा स्पेक्ट्रम), आणि दोन्ही पटल्यावरच सिलिंडरची चावी.

उदाहरण म्हणून कार्बन मोनॉक्साइड, म्हणजेच सीओ, आणि प्लॅटिनम घेते. इंधनघटाला लागणाऱ्या हायड्रोजनमध्ये सीओ थोडा जरी असला, तरी तो प्लॅटिनमवर ठाण मांडून बसतो आणि हायड्रोजनला जागाच देत नाही. तो नेमका कुठे बसतो, एका अणूच्या डोक्यावर की दोन अणूंच्या मध्ये पुलासारखा, हे आयआर थेट सांगतं. शिवाय सीओचा सिग्नल दणदणीत असतो, त्यामुळे हात बसवायला यापेक्षा चांगला रेणू नाही. पुढचे १८५०, २०७० वगैरे आकडे तरंगांकाचे आहेत, म्हणजे एका सेंटिमीटरात किती लाटा. पोटेन्शियलचे सगळे आकडे आरएचई, म्हणजे रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत आहेत.

अडचण कुठे आहे ते आधी समजून घ्या. इलेक्ट्रोडवर सीओचा थर एका रेणूएवढाच जाड, आणि वर पाण्याचा अख्खा साठा. पाणी अवरक्त प्रकाश अधाशासारखं गिळतं. म्हणून प्रकाश पाण्याच्या बाजूनं न आणता मागून आणायचा. सिलिकॉनच्या अर्धदंडगोल प्रिझमच्या सपाट तोंडावर धातूची फिल्म चढवायची आणि प्रकाश प्रिझममधून ६० ते ७० अंशांनी त्या तोंडावर पाडायचा. तो आतच पूर्ण परावर्तित होतो आणि फिल्मच्या पलीकडे जरासाच डोकावतो. फिल्म सलग पत्र्यासारखी नसून दहा-वीस ते शंभर नॅनोमीटरच्या बेटांची असेल, तर बेटांपाशी प्रकाशाचं क्षेत्र तीव्र होतं आणि धातूला चिकटलेल्या रेणूंचा सिग्नल साधारण दहा ते पन्नास पटींनी वाढतो. हा परिणाम १९८० साली अमेरिकेत हार्टस्टाइन, कर्टली आणि त्सांग यांनी नोंदवला. इलेक्ट्रोडच्या कामात तो रुजवला जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या मासातोशी ओसावा यांनी. खाली जी पद्धत सांगते आहे ती त्यांच्या आणि शांघायमधल्या वेन-बिन काय यांच्या कामावर उभी आहे: सिलिकॉनवर रासायनिक पद्धतीनं सोनं, आणि सोन्यावर विजेनं प्लॅटिनमचा काही नॅनोमीटरचा थर.

हात लावण्याआधी

सोन्याच्या द्रावणात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, दोन टक्क्यांच्या आसपास. दिसायला पाण्यासारखं, आणि इतकं पातळ असताना त्वचेवर पडलं तरी लगेच आग होत नाही. कित्येक तासांनी दुखायला लागतं, तोवर ते आत उतरलेलं असतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी आहे आणि तिची मुदत संपलेली नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाटली उघडू नका. जाड हातमोजे, तोंडावर ढाल, फ्यूम हूड चालू, आणि खोलीत दुसरं माणूस हवंच. काच अजिबात नाही, सगळं प्लास्टिक किंवा टेफ्लॉन. या आम्लाचं काम एकट्यानं आणि संध्याकाळी सहानंतर करायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे आणि मी तो कुणासाठीही मोडलेला नाही.

सीओला रंग नाही, वास नाही. सिलिंडरपाशी आणि सेलपाशी (प्रिझम बसवून द्रावण भरतो ते भांडं) असे दोन अलार्म लावा. सेलमधून बाहेर पडणाऱ्या वायूची नळी थेट हूडमध्ये सोडा. सिलिंडर शक्यतो अ‍ॅल्युमिनियमचा मागवा. पोलादी सिलिंडरमध्ये सीओ लोखंडाशी हळूहळू जुळतो आणि आयर्न कार्बोनिल तयार होतं. ते वायूबरोबर येऊन तुमच्या स्वच्छ प्लॅटिनमवर बसतं. पोलादीच मिळाला तर मध्ये कार्बोनिल अडवणारा ट्रॅप लावा.

फिल्म

जुनी फिल्म प्रिझमवर असेल तर ती आम्लराजात (सोनं विरघळवणारं नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण) उतरवून घ्या. मग तोंडाला अ‍ॅल्युमिनाच्या पुडीनं पॉलिश: १ मायक्रॉन, ०.३ आणि शेवटी ०.०५. हात आठाच्या आकड्यात फिरवा, दाब सगळीकडे सारखा. मग अ‍ॅसिटोनमध्ये आणि १८.२ मेगाओमच्या, म्हणजे अतिशुद्ध, पाण्यात अल्ट्रासोनिक. आम्ही पाणी तीनदा बदलतो, कारण अ‍ॅल्युमिनाचे कण राहिले तर नेमक्या त्याच जागी सोनं सुटून येतं.

आता प्रिझमचं तोंड ४० टक्के अमोनियम फ्लोराइडमध्ये एक-दोन मिनिटं ठेवायचं. हेही फ्लोराइडच आहे, तेव्हा वरची सगळी काळजी इथेही. यानं सिलिकॉनवरचा ऑक्साइड निघून जातो आणि त्याच्या जागी हायड्रोजनचा थर येतो. ही पायरी जमली की नाही हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. प्रिझम पाण्यातून उचला आणि तिरकं धरा. अळवाच्या पानावर पाणी जसं मोती होऊन घरंगळतं, तसं ते तोंडावरून घरंगळून गेलं पाहिजे. कुठे पाणी पसरून राहिलं, कोपऱ्यात ओल चिकटली, तर तिथं ऑक्साइड आहे. पुन्हा करा. "थोडंसंच राहिलंय" म्हणून पुढे जाऊ नका. ते थोडंसं राहिलेलंच तीन दिवसांनी पापुद्रा होऊन सेलमध्ये तरंगताना मी पाहिलं आहे.

सोन्याच्या द्रावणाचं आमचं प्रमाण असं: सोन्याचं क्लोराइड ०.०१५ मोलर, सोडियम सल्फाइट ०.१५, थायोसल्फेट ०.०५ आणि अमोनियम क्लोराइड ०.०५. हे आदल्या दिवशी करून अंधारात ठेवतो, आम्ल ऐनवेळी मिसळतो. तापमान ५५ ते ६० अंश. इथे बहुतेक जण द्रावण तापवतात आणि प्रिझम मात्र गारच ठेवतात. सिलिकॉनचा तो ठोकळा द्रावणाची ऊब क्षणात शोषून घेतो आणि फिल्म मधे एक, कडेला एक अशी चढते. प्रिझमही त्याच तापमानाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा.

द्रावण तोंडावर पडलं की घड्याळाकडे नाही, रंगाकडे बघा. आधी निळसर झाक येते, मग तपकिरी, आणि मग एकदम सोन्याचा रंग उमटतो. सिलिकॉन स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन विरघळत जातो आणि ते घेऊन सोनं त्याच्या जागी बसतं. बाहेरून वीज लागत नाही. आमच्याकडे हे ६० ते ९० सेकंदांत होतं. सोनेरी रंग सगळीकडे सारखा झाला की भरपूर पाणी ओतून तिथेच थांबवा. अजून जरा चढू दे, छान चमकेल, असा मोह होतो. तो आवरा. चमक वाढली की बेटं एकमेकांत मिसळून पत्रा झाला असं समजा, आणि पत्रा झाला की वाढीव सिग्नल गेला.

मल्टिमीटरची टोकं कडेवर हलकेच टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत रोध मोजा. आमच्या प्रिझमवर ५ ते १५ ओम आला तर काम चालतं. शंभरावर गेला तर बेटं नीट जुळलेली नाहीत, पोटेन्शियल सगळीकडे सारखं लागणार नाही.

जोडणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण यात माझे तीन आठवडे गेले आहेत. फिल्मला तार जोडायला मी तांब्याची चिकटपट्टी वापरली होती. सोपी, स्वस्त, कपाटात पडलेली. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवसापासून सीव्हीमध्ये, म्हणजे पोटेन्शियल वर-खाली फिरवत काढलेल्या प्रवाहाच्या आलेखात, हायड्रोजनचा भाग दर फेरीला खाली बसायला लागला आणि मधेच एक अनोळखी उंचवटा आला. मी आम्ल बदललं, पाणी बदललं, काचेचं सगळं सामान परमँगनेटमध्ये रात्रभर बुडवून ठेवलं. आम्लाच्या पुरवठादाराला रागानं पत्रही लिहिलं. शेवटी सेल उघडून ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) उचलली, तर तिच्याखाली नखाएवढा हिरवट डाग. ओ-रिंगला केसाएवढी चीर होती, आम्ल झिरपून पट्टीपर्यंत पोचलं होतं आणि तांबं विरघळून प्लॅटिनमवर येऊन बसत होतं. पुरवठादाराला दुसरं पत्र लिहिलं, माफीचं. तेव्हापासून फिल्मला फक्त सोन्याची पट्टी, आणि ओ-रिंग दर वेळी उजेडात धरून ताणून बघायची. तांबं, पितळ, चांदीची पेस्ट यांतलं काहीही आम्लाच्या वाटेवर नको.

सेल जोडला की ०.१ मोलर परक्लोरिक आम्ल भरा, आर्गॉन अर्धा तास सोडा आणि सोन्याची सीव्ही घ्या. वरची मर्यादा १.४ व्होल्टच्या पुढे नेऊ नका, फिल्म सुटते. परतीच्या वाटेवर १.१५ ते १.२ च्या दरम्यान सोन्याच्या ऑक्साइडचा टोकदार पीक आला आणि पाच-सहा फेऱ्यांत तो जागचा हलला नाही, म्हणजे सोनं स्वच्छ आहे. मग काही मिलिमोलर क्लोरोप्लॅटिनिक आम्लातून अगदी कमी प्रवाहानं प्लॅटिनम चढवा. घाई केली तर खरबरीत काळं प्लॅटिनम बसतं. पुन्हा परक्लोरिक आम्लात सीव्ही: आता सोन्याचा तो पीक नाहीसा व्हायला हवा, ०.७५ च्या आसपास प्लॅटिनमचा यायला हवा, आणि ०.०५ ते ०.४ मध्ये हायड्रोजनचे ठसठशीत उंचवटे दिसायला हवेत. हायड्रोजनचा प्रभार खऱ्या एका चौरस सेंटिमीटरला २१० मायक्रोकूलोंब धरून प्लॅटिनमचं खरं क्षेत्रफळ काढा आणि वहीत लिहा. सोन्याचा पीक थोडा जरी शिल्लक असेल तर प्लॅटिनम अपुरं आहे, वायू सोडू नका.

बेसलाइन

डिटेक्टर एमसीटीचा (मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड), तो थंड ठेवायला द्रव नायट्रोजन हवा. आमचे काका सकाळी साडेनऊला त्याचा डेव्हर, म्हणजे थर्मासारखं भांडं, आणून देतात. डिटेक्टर भरल्यावर मी पाऊण तास त्याच्या वाटेला जात नाही, कारण तो थंड होऊन स्थिरावेपर्यंतचा एकही स्पेक्ट्रम कामाचा नसतो. सिग्नल फार जास्त असेल तर अ‍ॅपर्चर लहान करा. एमसीटी दिपला की आकडे खोटे येतात आणि तसं तो सांगत नाही.

पर्ज कोरड्या नायट्रोजननं करा. उन्हाळ्यात आम्हाला एक तास पुरतो, पावसाळ्यात तीन लागतात. ते जमलं की नाही यासाठी एक सोपी तपासणी आहे: काहीही न बदलता, दहा मिनिटांच्या अंतरानं दोन स्पेक्ट्रम घ्या आणि एकाला दुसऱ्यानं भागा. सरळ रेघ यायला हवी. १४०० ते १९०० मध्ये कंगव्याच्या दातांसारख्या रेघा आल्या तर वाफ आहे. २३५०पाशी जोडीचा पीक आला तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड, बहुतेक वेळा नमुन्याच्या कप्प्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासातलाच. अशा वेळी संगणकावर वाफ "वजा" करण्याचा पर्याय समोर असतो. मी तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वापरू देत नाही. वजाबाकी जरा कमीजास्त झाली की १८५०चा पूल-सीओ नसलेला दिसतो किंवा असलेला नाहीसा होतो. थांबा, कोरडं होऊ द्या.

विभेदन, म्हणजे स्पेक्ट्रमची बारकाई, तरंगांकात ४ पुरे. वायू नसताना पोटेन्शियल ०.१ वरून ०.८ वर न्या आणि दोन स्पेक्ट्रमांची तुलना करा. १६४०च्या आसपास आणि ३४००च्या रुंद पट्ट्यात धातूला लागून असलेल्या पाण्याची हालचाल दिसली पाहिजे, कारण पोटेन्शियल बदललं की पाण्याचे रेणू तोंड फिरवतात. ही हालचाल दिसली म्हणजे फिल्म सिग्नल वाढवते आहे आणि पोटेन्शियलही तिच्यापर्यंत पोचतंय. इथपर्यंत यायला आम्हाला पूर्ण दोन दिवस लागतात, आणि त्यात कसर करून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

आता वायू

पोटेन्शियल ०.१ व्होल्टवर धरा. आर्गॉनमध्ये संदर्भ स्पेक्ट्रम घ्या, चांगले शंभर-दोनशे स्कॅन. मग सीओ हळू सोडा. बुडबुडे फिल्मसमोरून नको, बाजूनं. दर पाच-दहा सेकंदांनी एक स्पेक्ट्रम घेत राहा आणि पडद्यासमोरून उठू नका, कारण बघण्यासारखं सगळं पहिल्या दोन-तीन मिनिटांतच घडतं. २०४०च्या आसपास एक लहानसा पीक उगवतो. तो नुसता उंच होत नाही, सरकतही जातो: २०५०, २०६०, आणि शेवटी २०७०च्या जवळ जाऊन थांबतो. हा अणूच्या डोक्यावर बसलेला सरळ सीओ. आकडे तुमच्या फिल्मप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील. सरकण्याचं कारण गर्दी. एकेकटा सीओ वेगळ्या वारंवारतेनं थरथरतो, शेजारी वाढले की सगळे एकमेकांशी जुळून थरथरतात आणि वारंवारता चढते. १८५० ते १८७० मध्ये पुलावरचा सीओ, रुंद आणि बुटका. आणि ३६५०पाशी बघायला विसरू नका: तिथं एक अरुंद पीक येतो, तो सीओच्या थरात अडकलेल्या, शेजारच्या पाण्याशी हात सुटलेल्या पाण्याचा. हा दिसला की फिल्म उत्तम आहे असं मी खुशाल मानते.

पीक वाढायचा थांबला की सीओ बंद करा आणि पोटेन्शियल तसंच धरून आर्गॉन अर्धा तास सोडा. द्रावणातला सीओ निघून जातो, बसलेला जात नाही. इथे पोटेन्शियोस्टॅट, म्हणजे पोटेन्शियल धरून ठेवणारं यंत्र, चुकून बंद केलात तर सगळं पहिल्यापासून.

मग पोटेन्शियल सावकाश वर न्या, सेकंदाला १ ते ५ मिलिव्होल्ट, आणि स्पेक्ट्रम घेत राहा. सरळ सीओचा पीक व्होल्टमागे साधारण ३०नं वर सरकतो, हा विद्युतक्षेत्राचा परिणाम. ०.६-०.७ व्होल्टच्या पुढे सीओ जळायला लागतो, पीक खाली बसतो आणि २३४३पाशी पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड दिसतो. मागून प्रकाश टाकण्याच्या पद्धतीत तो लहानच असतो, कारण तो मोकळ्या द्रावणात निघून जातो. जळताना पीकची जागा उलट खाली घसरायला लागते. गर्दी पांगली, म्हणून. पोटेन्शियल वर ओढतंय आणि विरळपणा खाली ओढतोय, दोन्ही एकाच वेळी. म्हणून व्होल्टमागे किती सरकतो हा आकडा थर भरलेला असतानाच्या भागातूनच काढायचा. सगळ्या बिंदूंतून एक रेघ मारून काढलेला आकडा मी दोन प्रबंधांत पाहिला आहे, दोन्ही वेळा परत पाठवला.

पीक वरच्या ऐवजी खाली आला, किंवा एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला डोंगर असा तिरका आला, तर घाबरू नका आणि लगेच लिहूही नका. शियामेनमध्ये शी-गांग सुन यांच्या गटानं नव्वदच्या दशकापासून दाखवलं आहे की प्लॅटिनम गटातल्या धातूंच्या नॅनोरचनेच्या फिल्मवर सीओचा पीक उलटा, मोठा आणि रुंद येऊ शकतो. म्हणजे प्रत्येक उलटा पीक ही चूक नव्हे. पण आमच्या पद्धतीत त्याचं नेहमीचं कारण एकच: फिल्म जाड झाली. वीस सेकंद कमी देऊन नवी फिल्म करा. आकार सुधारला तर जाडी, नाही सुधारला तर मग पुढचा विचार.

पीक खरोखर तुम्ही सोडलेल्या सीओचाच आहे का, ही शंका उरली तर कार्बन-१३ चा सीओ वापरा. २०७०चा पीक २०२४च्या आसपास जायला हवा. वायू महाग आहे, पण एका फिल्म-पद्धतीसाठी एकदाच करावं लागतं. हलायला हवा तेवढा पीक हलला नाही, तर तो दुसऱ्या कशाचा तरी आहे.

काम झालं की सीओची चावी आधी सिलिंडरवर बंद करा, नळी आर्गॉननं धुवा, मग रेग्युलेटर. फिल्म आम्लराजात उतरवताना ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका. त्यात सोनं आणि प्लॅटिनम दोन्ही आहे, वेगळ्या बाटलीत साठवा, आणि झाकण पहिला दिवसभर सैल ठेवा, कारण त्यातून वायू निघत राहतो. प्रिझमच्या कडेला पेन्सिलीनं केलेली खूण पुसली गेली असेल तर पुन्हा करा, म्हणजे पुढच्या वेळी ते त्याच बाजूनं बसेल.